भंडारदऱ्याच्या काठी गॅसचा फ्रीज नको

जुना कॅम्पर विकत घेऊन तो नव्याने उभा करणाऱ्या माणसाला फ्रीजपाशी येऊन ठेच लागते आणि तिथे सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गॅसवर चालणारा घ्या, असे ते बिनदिक्कत सांगतात. वीज नसेल तिथेही तो चालतो, त्याचा आवाज होत नाही, त्यात फिरणारा भाग नसल्याने झिजायला काही उरत नाही, जुन्या गाडीला जुन्या काळाचे यंत्र शोभून दिसते आणि स्वयंपाकासाठी टाकी तर गाडीत असतेच, अशी त्यांची कारणे असतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जुन्या ट्रेलरना, निवृत्त बसगाड्यांना किंवा टेम्पोच्या सांगाड्यांना घराचे रूप देऊन भंडारदऱ्याच्या किंवा मुळा धरणाच्या काठी मुक्काम ठोकण्याची हौस आता कुणाला वेडेपणाची वाटत नाही. म्हणूनच या सल्ल्याची नीट तपासणी व्हायला हवी. त्यातले प्रत्येक कारण सुटे घेतले तर अर्धेमुर्धे खरे आहे. तरीही अहिल्यानगर जिल्ह्याच्या हवेत, उतारावर आणि आपल्याकडे मिळणाऱ्या गॅसवर ती सगळी एकत्र तोलली, तर पारडे उलट्या बाजूला झुकते. हा सल्ला थंड देशांत पिकला आहे आणि तिथे तो बरोबरही असेल. इथे मात्र फ्रीज निवडताना इंधनाआधी हवेचा विचार करायला हवा.

आधी या यंत्राला त्याचे श्रेय देऊ. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकत असताना बाल्टझार फोन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी १९२२ मध्ये ते शोधून काढले आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने ते बाजारात आणले. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका पोलादी नळ्यांच्या बंद जाळ्यात भरलेले असतात. खाली ज्योत पेटली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपाने बाहेर पडतो, वरच्या नळ्यांत निवून द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो आणि शेवटी पाण्यात परत विरघळतो. पंप नाही, मोटर नाही. ज्योतीच्या उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर सगळा व्यवहार चालतो. उष्णता देऊन थंडी मिळवण्याची ही कल्पना इतकी देखणी आहे की आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनाही बिनमोटरच्या फ्रीजने वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले होते. वीज पोचण्याआधी दूरच्या मळ्यांवर आणि बंगल्यांत रॉकेलवर चालणारे फ्रीज याच तत्त्वावर चालत. गॅसच्या बाजूने बोलणारे अडाणी नाहीत, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण कोणताही फ्रीज थंडी निर्माण करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो, आणि ती स्वीकारायला बाहेरची हवा पुरेशी गार असावी लागते. कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये हवा तापली तर कॉम्प्रेसर जास्त दाब निर्माण करतो. वीज जास्त लागते, पण काम होते. गॅसवरच्या, म्हणजे शोषण पद्धतीच्या, फ्रीजला ही सोय नाही. त्याच्या नळ्यांतला दाब कारखान्यात हायड्रोजन भरतानाच ठरलेला असतो, साधारण वीस ते पंचवीस बार. वीस बार दाबाला अमोनिया द्रव होतो तो तापमान ५० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच. हवा ४० अंशांवर असताना, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये, फ्रीजच्या पाठीमागच्या अरुंद पोकळीत, शेजारीच जळत्या ज्योतीची ऊब असताना तिथले तापमान कुठवर जाईल याचा अंदाज कुणालाही बांधता येतो. नगर शहरात, श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात, शेवगाव-पाथर्डीकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ज्या दुपारी थंड पाण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दुपारी गॅसचा फ्रीज हात टेकतो. ज्योत मात्र जळतच राहते. गॅस संपतो आणि आतले दूध नासते.

यावर उत्तर असे येते की मागे पंखे बसवा, वरची-खालची झडप मोठी करा, उष्ण कटिबंधासाठी बनवलेले मॉडेल घ्या. उष्ण कटिबंधाच्या वर्गातली यंत्रे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी तपासलेली असतात हेही खरे. पण ही तपासणी खोलीतल्या मोकळ्या हवेत होते. ट्रेलरच्या पत्र्याआडच्या पोकळीला ते प्रमाणपत्र लागू होत नाही. पंखे बसवल्याने फरक पडतो, नक्कीच पडतो. पण पंखा चालवायला वीज लागते, आणि पंख्यांच्या जोरावरच फ्रीज तगणार असेल तर विजेशिवाय चालण्याचा त्याचा मोठेपणा तिथेच संपला. बॅटरी आणि सौर पट्टी बसवायचीच असेल तर ती पंख्यासाठी का बसवायची? सरळ थंडीसाठीच का नको? अनेक हॉटेलांच्या खोल्यांतला छोटा बिनआवाजाचा फ्रीज याच जातीचा असतो, आणि उन्हाळ्यात त्यातली पाण्याची बाटली कशी कोमट निघते हे शिर्डीला मुक्काम केलेल्या भाविकांना वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण जमिनीची आहे. हे जाळे गुरुत्वाकर्षणावर चालते, म्हणून फ्रीज जवळजवळ समतल उभा असावा लागतो. नव्या यंत्रांना आडव्या बाजूला तीनेक अंशांचा आणि पुढे-मागे सहाएक अंशांचा कल चालतो. जुन्यांना त्याहून कमी. कल वाढला की द्रव वाटेत साठतो, ज्योतीवरची नळी कोरडी पडून तापते, आणि पोलाद गंजू नये म्हणून मिसळलेला सोडियम क्रोमेट स्फटिक होऊन मार्ग बुजवतो. असे झालेले यंत्र परत जिवंत होत नाही. आता शेंडीच्या पुढे रतनवाडीकडे जाणारा जलाशयाकाठचा रस्ता, साम्रदचा माळ, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची पाचनई डोळ्यांसमोर आणा. इथे चार चाकांखाली सपाट जमीन मिळणे हीच चैन आहे. स्पिरिट लेव्हल घेऊन फळकुटांवर गाडी चढवता येते, पण तसे न करता एक रात्र काढली तर त्याची किंमत पूर्ण यंत्राएवढी होते, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. प्रवासातला प्रश्न वेगळा. ज्योत पेटती ठेवून घाट चढायचा आणि पेट्रोल पंपावर थांबायचे, हा धोका कोणी शहाणा पत्करणार नाही. ज्योत विझवली तर संगमनेर ते राजूर फ्रीज बंद. बारा व्होल्टवर चालवला तर त्याचा हीटर शंभर ते दीडशे वॉट किंवा त्याहूनही जास्त सतत ओढतो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या दिवसातच रिकामी. गॅस, घरची वीज आणि बारा व्होल्ट अशा तीन वाटांनी चालणाऱ्या फ्रीजची तिसरी वाट गाडीचे इंजिन सुरू असेपर्यंतच उपयोगाची.

तिसरा मुद्दा गॅसचा. अनेक परदेशी कॅम्परमधली ज्योत प्रोपेनसाठी बेतलेली असते. थंड देशांत हिवाळी पारा शून्याखाली जातो, ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचे थांबते, म्हणून तिथे प्रोपेन लागतो. आपल्या घरगुती टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. नगरच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याखाली जात नसल्याने ते वाफ होण्यात अडचण नाही. पण ब्युटेनमध्ये तेवढ्याच आकारमानात जास्त उष्णता असते आणि त्याला जळायला जास्त हवा लागते. प्रोपेनसाठी कोरलेल्या बारीक छिद्रातून हे मिश्रण सोडले की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि अपुऱ्या ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद गाडीत, झोपेच्या वेळी, वास नसलेला हा वायू म्हणजे गंमत नव्हे. छिद्र बदलून घेता येते, पण बदलणारा जाणकार आणि तपासायचे उपकरण शोधावे लागते. शिवाय २००० सालच्या केंद्रीय एलपीजी आदेशानुसार घरगुती टाकी स्वयंपाकासाठीच आहे. कॅम्परच्या फ्रीजला ती जोडणे हा नियमभंग आहे. त्यासाठी व्यावसायिक टाकी किंवा खुल्या बाजारातली पाच किलोची छोटी टाकी घ्यावी लागते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, आणि जुन्या ट्रेलरच्या तळाला त्याला बाहेर जायला वाट नसते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वेडब्यात बेकायदा नेलेल्या टाकीमुळे आग लागली आणि नऊ माणसे गेली. तिथे फ्रीज नव्हता, स्वयंपाकाची टाकी होती, हे खरे. पण त्यातून धडा मिळतो तो असा: बंदिस्त मुक्कामाच्या जागेत ज्योत जितका कमी वेळ जळेल तितके बरे. चहा करायला ज्योत दहा मिनिटे लागते, फ्रीजला चोवीस तास.

आता वीज नसेल तिथे काय, हा सर्वांत वजनदार आक्षेप. त्याचे उत्तर आकड्यांनी द्यावे लागेल. शंभर लिटरच्या आसपासचा गॅसचा फ्रीज दिवसाला साधारण पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम गॅस पितो. कडक उन्हात त्याहून जास्त. तीनशे ग्रॅम गॅसमध्ये जवळपास पावणेचार युनिट उष्णता असते. तेवढ्याच आकाराचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला अर्ध्या ते पाऊण युनिट विजेवर भागतो. म्हणजे गॅसवर निदान पाचपट ऊर्जा खर्च होते, कारण शोषण पद्धतीत उष्णतेचा एक वाटा खर्ची घालून आतून जेमतेम पाव वाटा बाहेर निघतो, तर छोटा कॉम्प्रेसर विजेच्या एका वाट्यात एक-दोन वाटे काढतो. नगरच्या माथ्यावर दोनशे वॉटची सौर पट्टी उन्हाळ्याच्या दिवसात पाऊण युनिटच्या आसपास सहज देते. ऊन वाढले की फ्रीजची भूक वाढते, पण त्याच उन्हाने पट्टीचे उत्पन्नही वाढलेले असते. गॅसच्या फ्रीजमध्ये उलट: ऊन वाढले की काम घटते आणि खर्च वाढतो. या जिल्ह्याला सौर विजेची ओळख नव्याने करून द्यायची गरजही नाही. शेतीच्या वाहिन्या सूर्यावर चालवण्याच्या राज्याच्या योजनेचे पहिले प्रयोग ज्या दोन गावांत झाले, त्यांतले एक पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. अकोले तालुक्यातल्याच भंडारदऱ्याच्या आणि घाटघरच्या पाण्यावर वीज होते. विजेशिवायचा रानटी प्रदेश म्हणून या डोंगररांगांकडे पाहणे हेच मुळात चुकीचे आहे.

थंडीवर ज्यांचे पोट चालते त्यांनी काय निवडले, हेही पाहू. संगमनेर, राहाता, अकोले भागात गावोगावी दूध संकलन केंद्रांवर मोठे कूलर बसवलेले आहेत. धार काढलेले दूध चार अंशांपर्यंत आणायचे असते आणि उशीर झाला तर पूर्ण टँकर आंबतो. या केंद्रांनी कॉम्प्रेसर घेतले आणि वीज गेल्यावर वापरायला जनरेटर ठेवला. गॅसची ज्योत कुणी पेटवली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस दोन ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. तिथे भिंतींत बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज असतो. वीज असताना बर्फ गोठतो आणि गेल्यावर तोच तासन् तास थंडी टिकवतो. जगभरच्या लसीकरणातही रॉकेल-गॅसवरच्या फ्रीजांनी दशके काढली, पण तापमान नेमके राखण्यात ते कमी पडले आणि सौर ऊर्जेवरच्या कॉम्प्रेसर फ्रीजांनी त्यांची जागा घेतली. कुणी म्हणेल की दुधाच्या कूलरचा दाखला कॅम्परला लागू होत नाही, आकार वेगळा आहे. आकार वेगळा आहेच, पण हवा तीच आहे आणि भौतिकशास्त्रही तेच. शोषण पद्धतीला नगर जिल्ह्यात खरोखर योग्य जागा शोधायची असेल तर ती साखर कारखान्यात सापडेल. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यापासून पुढच्या कितीतरी कारखान्यांत उसाच्या चिपाडावर वाफ होते. तिच्यातली वाया जाणारी उष्णता वापरून थंडी मिळवली तर ती शहाणपणाची, कारण तिथे उष्णता फुकट आहे. कॅम्परमध्ये ती विकत घेऊन, डोक्यावर वाहून न्यावी लागते.

पावसाळ्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात त्याच्या कित्येक पट. जुलैत तिथे आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही आणि सौर पट्टीचे उत्पन्न निम्म्याच्याही खाली जाते. पण त्याच दिवसांत बाहेरची हवा विशीत असते, म्हणून फ्रीजची भूकही निम्म्यावर येते. दुसरे, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरमधून पंचवीस अँपिअरने बॅटरी भरणारे यंत्र बसवले तर दोन तासांच्या प्रवासात साडेसहाशे वॉट-तास मिळतात; पावसाळी थंडीत त्यावर दिवसभर फ्रीज चालतो. तिसरे, सव्वा युनिट साठवणारी लिथियम बॅटरी दोन दिवसांचा आधार देते, आणि मुक्कामात दोन दिवसांतून एकदा गाडी हलते किंवा धोरणात अपेक्षिलेल्या कॅरॅव्हॅन पार्कसारख्या वीज असलेल्या जागी उभी राहते. चौथे, आरोग्य केंद्राची युक्ती इथेही चालते: ऊन असताना पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या की रात्री कॉम्प्रेसरला विश्रांती. एका जागी महिनाभर भर पावसात, गाडी न हलवता, विजेशिवाय राहायचे असेल तर गॅस जिंकतो. पण तसा मुक्काम करणारे किती? काजव्यांसाठी मे-जूनमध्ये दोन रात्री येणाऱ्यांच्या गाडीत असा फ्रीज बसवणे म्हणजे एका छत्रीसाठी छत्र्यांचा कारखाना काढणे.

आवाज आणि आयुष्य यांबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसरचा हलका घूं-घूं आवाज येतो हे खरे; आजच्या बारा व्होल्टच्या यंत्रांत तो मोटरचा वेग कमी-जास्त करून बराच दाबलेला असतो. आयुष्याचा दावा मात्र भ्रामक आहे. फिरणारा भाग नाही म्हणून झीज नाही, पण गंज आहे, क्रोमेटचे स्फटिक आहेत, नळी फुटली की अमोनियाचा झणझणीत वास आणि पिवळी भुकटी आहे, आणि हायड्रोजन ज्वलनशील आहे. ही नळ्यांची जाळी रस्त्याकडेच्या कारागिराला उघडून दुरुस्त करता येत नाही. बिघडलेल्या शोषण फ्रीजला उलटा करून ठेवण्याचा तोडगा ठिकठिकाणी सांगितला जातो. तो कधी लागू पडतो, कधी नाही, पण बरा फ्रीज उलटा करून बघायची वेळच येऊ नये, हे जास्त महत्त्वाचे. उलट कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये गॅस भरून देणारा माणूस राहुरी, कोपरगाव, पाथर्डी, श्रीगोंदा कुठेही भेटतो. नगरहून निघून कुठे थांबायचे, कुणाकडे जायचे, याला प्रवासात यंत्राच्या तत्त्वाइतकेच महत्त्व आहे.

राहिला वारशाचा प्रश्न. जुन्या कॅम्परचे मोल त्याच्या आकारात, पत्र्याच्या वळणांत, लाकडी कपाटांत आणि खिडक्यांच्या चौकटींत असते. सुरुवातीच्या कित्येक ट्रेलरमध्ये फ्रीज नव्हताच, बर्फ घालायची पेटी होती. गॅसचा फ्रीज ही नंतरची भर. म्हणजे अस्सलपणाच्या नावाने गॅस मागणाऱ्यांनी आपल्या गाडीचा मूळ काळ आधी पाहावा. जुना दरवाजा, जुनी मूठ, जुने झाकण ठेवून आत नवा कप्पा बसवता येतो. वारसा डोळ्यांना दिसणाऱ्या भागाचा असतो, पाठीमागच्या अमोनियाच्या नळ्यांचा नव्हे. किमतीचेही तेच. बारा व्होल्टचा फ्रीज आणि बॅटरी स्वस्त नाहीत, पण गॅसचा कॅम्पर फ्रीज आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मागवावा लागला की स्वस्तही पडत नाही. हात आखडता असेल तर घरगुती एकदारी फ्रीज इन्व्हर्टरवर चालवता येतो. त्याच्या तारांकित लेबलवर वर्षाचे दीडशे-दोनशे युनिट लिहिलेले असतात, म्हणजे दिवसाला अर्धे युनिट. तापलेल्या गाडीत आणि इन्व्हर्टरच्या गळतीसह पाऊण-एक युनिट धरा, सुरुवातीचा धक्का सोसणारा इन्व्हर्टर निवडा आणि सौर पट्टी थोडी मोठी घ्या.

म्हणून जिल्ह्यात फिरायला कॅम्पर घेणाऱ्याने क्रम असा लावावा. आधी छत आणि भिंतींत उष्णतारोधक थर, म्हणजे आत शिरणारी उष्णताच कमी होईल. मग बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज, दोनशे वॉट किंवा त्याहून मोठी सौर पट्टी, शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि अल्टरनेटरवरून भरण्याची सोय. टाकी स्वयंपाकापुरती, नियमानुसार, गळती सांगणारा यंत्र-प्रहरी बसवून. गॅसच्या फ्रीजला एकच अपवाद: वर्षाचा बराच काळ एका जागी, सावलीत, समतल ओट्यावर, विजेविना उभा राहणारा कॅम्पर, आणि तोही छिद्र व धूर बाहेर नेणारी नळी जाणकाराकडून तपासून घेतल्यावर. बाकी कुणी या फ्रीजची शिफारस करत असेल, तर त्याला एवढेच विचारावे: मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता, नगरच्या उन्हात, तो आतली उष्णता नेमकी कुठे टाकणार आहे? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.